नऊ बहिणींतली पहिली

आर्थर राजाच्या कथेतली मॉर्गन ल फे आज बहुतेकांना ठाऊक आहे ती कारस्थानी बहीण म्हणून. जादूटोणा करणारी, एक्सकॅलिबर तलवारीचं म्यान पळवणारी, भावाच्या जिवावर उठलेली. पण लिखित साहित्यात ती पहिल्यांदा येते ती वैद्य म्हणून. मॉन्मथच्या जेफ्रीने ११५०च्या आसपास मर्लिनचं चरित्र लॅटिन पद्यात लिहिलं. त्यात सफरचंदांचं एक बेट आहे. तिथे जमीन न नांगरता पिकते आणि नऊ बहिणी कारभार पाहतात. त्यांतली पहिली मॉर्गेन. कोणती वनस्पती कशावर चालते हे तिला माहीत आहे, तिला रूप पालटता येतं, आणि बहिणींना तिने गणित शिकवलं आहे. कॅमलानच्या लढाईत घायाळ झालेल्या आर्थरला नावेतून तिच्याकडे आणतात. ती त्याला सोन्याच्या पलंगावर निजवते, स्वतःच्या हातांनी जखम उघडी करून बराच वेळ निरखते आणि सांगते, बरा होईल, पण इथे पुष्कळ दिवस राहावं लागेल.

या प्रसंगाचं मला फार अप्रूप आहे. बाराव्या शतकातला एक धर्मपंडित एका ज्ञानी बाईची कल्पना करतो आणि तिच्या ज्ञानाची त्याला भीती वाटत नाही. ती अजून आर्थरची बहीण नाही, त्याची वैरीणही नाही. पुढच्या वीस-तीस वर्षांत फ्रेंच कवी क्रेतिएँ द त्र्वाने तिला आर्थरची बहीण केलं, तरी तिचं जखमेवरचं मलम शिल्लक ठेवलं. तेराव्या शतकातल्या फ्रेंच गद्यकथांनी मात्र तिला वासनांध आणि सूडाने पेटलेली करून टाकलं. टॉमस मॅलरीने तुरुंगात बसून १४७०च्या सुमारास पूर्ण केलेला आणि कॅक्सटनने १४८५ मध्ये छापलेला इंग्रजी ग्रंथ मुख्यतः या कथांवरच उभा आहे. मॅलरी सांगतो, की मॉर्गनला शिकायला जोगिणींच्या मठात ठेवलं होतं आणि काळी जादू ती तिथे शिकली. एवढंच सांगून तो पुढे जातो.

पण याच मॅलरीच्या ग्रंथात, शेवटी आर्थर मरणाच्या दारात असताना काळ्या वस्त्रांतल्या राण्या होडी घेऊन येतात आणि त्यांत मॉर्गन असते. आयुष्यभर ज्याचा घात करू पाहिला त्याला न्यायला ती का येते? मॅलरी हा सांधा जुळवत नाही. जुनी वैद्यीण आणि नवी चेटकीण एकाच पुस्तकात राहून गेल्या आहेत. बायकांच्या बाजूने लिहिलेल्या आर्थरकथा या फटीतून उगवल्या असं मला वाटतं. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला धरून गांधारीला, कुंतीला, द्रौपदीला प्रश्न विचारले, तेही मूळ कथेतल्या न जुळलेल्या जागा पाहूनच. इरावतीबाई बव्हंशी संहितेला धरून राहिल्या. कादंबरीकार मात्र त्या फटीत अख्खं बेट वसवतात.

मॅरियन झिमर ब्रॅडलीची ‘द मिस्ट्स ऑफ ॲव्हलॉन’ १९८३ साली आली. साडेआठशेहून अधिक पानं. टिंटॅजेलच्या कड्यावर, वयाने बऱ्याच मोठ्या नवऱ्याच्या घरात एकटी पडलेली, पुढे आर्थरची आई होणारी इग्रेन, तिची लहानगी मुलगी मॉर्गेन, आणि दोघींना घडवू पाहणारी मॉर्गेनची मावशी व्हिव्हियन. ‘सरोवराची स्वामिनी’ आणि ‘मर्लिन’ ही इथे पदं आहेत, एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी. लढाया होतात, पण त्या बहुतेक दूर कुठेतरी. पुस्तकाचा मुक्काम असतो तो चरख्यापाशी, बाळंतिणीच्या खोलीत, निरोपाची वाट पाहणाऱ्या बायकांत. गोलमेज ही एका लांबलचक संसाराच्या कडेला असलेली वस्तू होऊन बसते. ॲव्हलॉन, म्हणजे ते सफरचंदांचं बेट, आणि ग्लॅस्टनबरीचा ख्रिस्ती मठ एकाच टेकडीवर आहेत, मध्ये फक्त धुकं आहे, आणि लोकांचा विश्वास जसजसा उडतो तसतसं ते बेट दूर सरत जातं. मला ही कल्पना आजही थक्क करते. सॉमरसेटच्या सखल दलदलीत पूर आला की ग्लॅस्टनबरीची टेकडी खरोखरच बेटासारखी दिसते. तिथल्याच मठातल्या जोग्यांनी ११९१ मध्ये आर्थर आणि ग्विनेव्हिअरची कबर सापडल्याचं जाहीर केलं. त्याआधी सात वर्षं त्यांचा मठ आगीत जळाला होता आणि बांधकामाला पैसा हवा होता. राजाचं थडगं ही यात्रेकरूंना खेचणारी गोष्ट होती. म्हणजे या टेकडीवर आपल्या गरजेप्रमाणे आर्थरला आणून बसवण्याची रीत जुनीच आहे, आणि ब्रॅडलीनेही तेच केलं.

तिची गरज होती देवी. तिच्या ॲव्हलॉनवर एका आदिमातेची उपासना चालते, पुजारिणी कपाळावर निळी चंद्रकोर गोंदवतात, आणि पुरुषी चर्चने हे सगळं चिरडलं असं कादंबरी सांगते. इतिहास याला आधार देत नाही. रोमन गेल्यानंतरच्या पाचव्या-सहाव्या शतकात, म्हणजे आर्थर झालाच असेल तर ज्या काळात, ब्रिटन लोक बऱ्याच अंशी ख्रिस्ती होते. पॅगन होते ते त्यांच्यावर चालून येणारे सॅक्सन. नवव्या शतकातल्या एका लॅटिन इतिहासात तर आर्थर कुमारी मेरीची प्रतिमा खांद्यावर वाहत लढतो. सगळ्या प्राचीन युरोपभर एकच मातृदेवता पूजली जात होती ही समजूत बरीचशी रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांच्यासारख्यांच्या लेखनातून विसाव्या शतकात फैलावली, आणि रोनाल्ड हटनसारख्या इतिहासकारांनी तिचा पाया किती कच्चा आहे हे दाखवून दिलं आहे. कादंबरी चुकीच्या इतिहासावरही उभी राहू शकते, त्याने माझं फारसं बिघडत नाही. मला खटकतं ते या समजुतीच्या पोटातलं गृहीतक, की जिथे देवी पूजली जाते तिथे बाई मोकळी असते.

मी महाराष्ट्रात वाढले. इथे देवी धुक्यात कधीच हरवलेली नाही. माहूरची रेणुका साडेतीन शक्तिपीठांपैकी एक. तिची कथा काय, तर पाण्याला गेलेल्या बाईचं मन क्षणभर ढळलं म्हणून नवऱ्याने मुलाला तिचं डोकं उडवायला सांगितलं आणि परशुरामाने ते उडवलं. ती पुन्हा जिवंत झाली, देवी झाली, लाखो लोक तिच्या पायाशी जातात. शतकानुशतकं घराघरांतून तिची ओटी भरली गेली, आणि त्याच घरांत बाईच्या मनावर पहारा राहिला. देवी आली म्हणजे बाईचं सगळं आलं, असं मला कुणी पटवू शकणार नाही.

आणि आश्चर्य असं, की कादंबरीला स्वतःला हे कळलेलं आहे. तिच्या प्रास्ताविकापेक्षा तिची कथा शहाणी आहे. बेल्टेनच्या उत्सवात मॉर्गेनला कुमारी पुजारीण म्हणून एका तरुणापाशी पाठवलं जातं. अंधारात, रंगांखाली चेहरे ओळखू येत नाहीत. सकाळी दोघांना कळतं, की आपण बहीण-भाऊ आहोत. हे चर्चने केलेलं नाही. हे व्हिव्हियनने घडवून आणलं आहे, ॲव्हलॉनच्या रक्ताचा राजा हवा म्हणून, देवीच्या नावाने. मॉर्गेन गरोदर राहते, गर्भ पाडणाऱ्या वनस्पतींचा विचार करते, ॲव्हलॉन सोडून निघून जाते. मला पुस्तकातला सगळ्यात खरा संताप इथे दिसतो. ज्या मावशीवर जीव टाकला, तिने आपलं शरीर एका मोहऱ्यासारखं पटावर सरकवलं. पुढे मॉर्गेन स्वतः सत्तेत येते तेव्हा तीही देवीची इच्छा म्हणून माणसं वापरते आणि कितीतरी जीव जातात.

हा प्रसंग आज निखळपणे वाचता येत नाही. २०१४ मध्ये ब्रॅडलीच्या मुलीने जाहीरपणे सांगितलं, की लहानपणी आईनेच आपलं लैंगिक शोषण केलं. ब्रॅडलीचा पूर्वीचा नवरा मुलांवरच्या अत्याचारांसाठी शिक्षा भोगत असताना १९९३ मध्ये तुरुंगातच मेला होता. ब्रॅडली १९९९ मध्ये गेली, उत्तर देण्याच्या पलीकडे. ज्या पुस्तकाने असंख्य वाचक बायकांना आपलं म्हणून काही दिलं, ते लिहिणाऱ्या हातांबद्दल हे ऐकावं लागलं. लेखक वेगळा आणि पुस्तक वेगळं, असं म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. धर्मविधीच्या नावाखाली मुलांचं शरीर वापरणारी मोठी माणसं या कादंबरीत पानोपानी आहेत, आणि लेखिका त्यांना कुठे दोषी धरते, कुठे माफ करते, हे मी आता डोळ्यांत तेल घालून वाचते. मुलीचा शब्द मी पुस्तकाच्या आधी ठेवते. तो बाजूला सारून बायकांची बाजू मांडणाऱ्या पुस्तकाचं कौतुक करण्याला अर्थ उरणार नाही.

ग्विनेव्हिअरवरही, म्हणजे या कादंबरीतल्या ग्वेनह्वीफरवर, ब्रॅडलीने अन्याय केला आहे. भित्री, कर्मठ, उघड्या आभाळाला घाबरणारी राणी अशी ती रंगवली आहे, आणि मॉर्गेनच्या नजरेत तिच्याविषयी तुच्छता आहे. पण मूल राहत नाही म्हणून दिवसरात्र स्वतःचं पाप शोधणारी ही बाई मला परकी वाटत नाही. आर्थरने ड्रॅगनचं निशाण टाकून क्रूस आणि मेरीचं निशाण घ्यावं म्हणून ती हट्ट धरते, तेव्हा तिच्या हातात दुसरं काय होतं? तिच्या बाजूचं पुस्तक गिलियन ब्रॅडशॉने त्याच सुमारास, १९८२ मध्ये लिहिलं. ‘इन विंटर्स शॅडो’ची निवेदक राणीच आहे, आणि गडाचं धान्य, पैसा, माणसं सांभाळणारी कर्ती बाई म्हणून ती उभी राहते. मात्र तिथेही ऑर्कनीची राणी मॉर्गॉझ निव्वळ दुष्ट राहते. एकीला न्याय देताना दुसरीवर काळोख लोटायची सवय या कथेला फार जुनी आहे. निकोला ग्रिफिथच्या २०२२च्या ‘स्पिअर’ने ती बऱ्यापैकी मोडली आहे. तिथे पर्सिव्हलच्या जागी एक मुलगी आहे, हातात भाला घेतलेली, बाईवर प्रेम करणारी, आणि तिला मोठं करण्यासाठी कुणा राणीला चेटकीण व्हावं लागत नाही.

ब्रॅडलीच्या कादंबरीच्या शेवटाकडे म्हातारी मॉर्गेन ग्लॅस्टनबरीच्या मठात जाते. व्हिव्हियनला तिथेच पुरलेलं असतं. तरुण जोगिणी तिला प्रार्थनाघरात नेतात, संत ब्रिजिटची मूर्ती दाखवतात, आणि देवी इथेही आहे हे तिला उमगतं. अनेकांना हा शेवट तहासारखा वाटतो. मला पटतो तो वेगळ्या कारणासाठी. आयुष्यभर दोन धर्मांच्या भांडणात वापरली गेलेली बाई तिथे पहिल्यांदाच त्या भांडणाबाहेर पडते.

यापुढची आर्थरकथा कुणी लिहिली तर ती मला मॅलरीच्या एका छोट्या प्रसंगातून निघालेली हवी आहे. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी जन्मलेलं मूल तुझा नाश करील, असं मर्लिन सांगतो आणि आर्थर त्या दिवशी जन्मलेली सरदारघरांतली मुलं मागवून जहाजात घालतो. जहाज फुटतं. आर्थरचा स्वतःचा मुलगा मॉर्ड्रेड तेवढा किनाऱ्याला लागतो आणि कुणी भला माणूस त्याला चौदा वर्षांचा होईपर्यंत वाढवतो. मॅलरी बापांच्या नाराजीची नोंद करतो. त्यांनी आर्थरपेक्षा मर्लिनला जास्त दोष दिला आणि भीतीपोटी, प्रेमापोटी ते गप्प राहिले, असंही सांगतो. आयांविषयी तो काहीच बोलत नाही. त्यांतल्या काहींच्या घरी क्रूस असेल, काहींच्या घरी झऱ्यातली देवी. मुलं उचलून नेणाऱ्यांनी ते विचारलं नसणार. पुढे त्यांच्याच नवऱ्यांनी गोलमेजेभोवती जागा घेतल्या तेव्हा त्या बायका घरी काय बोलल्या, कुणाशी बोलल्या, राजाच्या मेजवानीला त्या गेल्या का, हे मला वाचायचं आहे.