टर्बो गाडी आणि साधे पेट्रोल

आमच्या पुतण्याने गेल्या वर्षी चारचाकी घेतली. आमच्या भावकीतली ही पहिलीच. नवी नाही, २०१९ सालची, पण टर्बो पेट्रोल इंजिनाची. तो वायरिंगची कामे घेतो. नशिराबादहून कधी जळगाव, कधी भुसावळ असे रोजचे फिरणे, आणि वायरीची बंडले, शिडी, हत्यारे मोटारसायकलवर किती दिवस वाहणार? गाडीचा हप्ता आहे. मुलगी छत्रपती संभाजीनगरला नागसेनवनात शिकते, तिच्या खानावळीचे पैसे दरमहा पाठवावे लागतात.

पहिल्याच दिवशी एका पंपावरचा माणूस त्याला म्हणाला, "भाऊ, टर्बो आहे ना? मग साधं टाकू नका, इंजिन बसेल. गाडी अशी घेतली तर पेट्रोलही तसंच टाका."

त्यातले शेवटचे वाक्य पोराला लागले. तेव्हापासून लिटरमागे सात रुपये जादा देऊन तो महागडेच टाकू लागला. आम्ही विचारले तर म्हणाला, "काका, गाडी घ्यायची ऐपत आहे अन् पेट्रोलची नाही, असं कोणी म्हणायला नको." यावर आम्ही काय बोलणार? पहिल्या पगारात आम्हीही ऐपतीबाहेरचे बूट घेतले होते, ते अजून आठवतात.

पण आम्ही पडलो कारकून, त्यात बी.कॉम. आकडा दिसला की ताळा करून पाहण्याची खोड. गाडीबरोबर आलेले माहितीपुस्तक मागितले. ते प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही निघालेले नव्हते. त्यात इंधनाच्या पानावर लिहिले होते: ऑक्टेन ९१ किंवा त्याहून अधिक. बस्स.

आता हे ऑक्टेन म्हणजे काय? आमचीही समजूत होती की आकडा मोठा म्हणजे पेट्रोलात ताकद जास्त. तसे नाही. इंजिनात पेट्रोल आणि हवा दाबली जाते आणि प्लगच्या ठिणगीने पेटते. दाब आणि उष्णता फार वाढली तर काही पेट्रोल आपल्याआपणच भडकते आणि आतून खटखट आवाज येतो. गॅरेजवाले त्याला नॉकिंग म्हणतात. ते होऊ न देण्याची पेट्रोलची जी सहनशक्ती, तिचे माप म्हणजे ऑक्टेन. टर्बो काय करतो, तर सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवून इंजिनात जास्त हवा कोंबतो. म्हणून त्यात हा धोका अधिक. म्हणजे पंपावरचा माणूस अगदीच खोटे बोलत नव्हता. पण कंपनीने ९१ लिहिले ते टर्बो धरूनच लिहिले ना! खटखट ओळखणारा सेन्सर इंजिनाला असतो. तो आवाज टिपतो आणि गाडीतला कॉम्प्युटर ठिणगी जरा उशिरा पाडतो. जोर थोडा कमी होतो, इंजिन वाचते.

पूर्वी ऑक्टेन वाढवायला पेट्रोलात शिसे घालत. लहान मुलांच्या मेंदूला ते विष. भारतात ते २००० साली बंद झाले. आता इथेनॉल मिसळतात, उसाचे, आणि आपल्या खान्देशात पिकतो त्या मक्याचेही. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन शंभराच्या वर असतो. २० टक्के इथेनॉलमुळे साधे पेट्रोलही ९१ वरून ९५ पर्यंत पोचले, असे केंद्राच्या पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये सांगितले. मग सात रुपये कशाचे? मुख्यतः इंजिन साफ ठेवणाऱ्या रसायनाचे. ते निरुपयोगी नाही, पण रोज लागते असेही नाही. पुतण्याला वाटत होते की महागड्यात इथेनॉल नसतेच. एक्सपी ९५ सारख्या पेट्रोलातही ते असते. त्यामुळे जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांची काळजी दोन्हीकडे सारखीच.

तरी त्याचा विश्वास बसेना. मग एक महिना साधे, एक महिना महागडे, दोन्ही वेळा टाकी काठोकाठ, आणि हिशेब आमच्या वहीत. महिन्याला बाराशे किलोमीटर. साध्यावर लिटरला १५, महागड्यावर १५.२. म्हणजे लिटरभर वाचले, शंभर रुपये. आणि जादा मोजले साडेपाचशे! वर्षाला पाच हजारांवर फरक. वहिनी तिथेच बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "पोरीची दीड-दोन महिन्यांची खानावळ." पुतण्या काही बोलला नाही, वही मात्र स्वतःकडे ओढून पुन्हा बेरीज करून पाहिली.

एक गोष्ट लपवू नये. मे महिन्यात मुलीला आणायला आम्ही पाच जण अजिंठ्याच्या घाटातून निघालो. ऊन आपल्याकडचे, एसी चालू, आणि चढावर खरोखरच खटखट ऐकू आली. पुतण्याने आमच्याकडे असे पाहिले की विचारू नका. परत आल्यावर अजिंठा चौफुलीजवळच्या मिस्तरीला दाखवली. तो हसला. "चौथ्या गिअरमध्ये घाट चढवता होय? एक गिअर खाली घ्या." प्लगही झिजले होते, ते बदलले. त्यानंतर साध्या पेट्रोलवरच तो घाट दोनदा चढलो, आवाज नाही. प्लग नीट असून, गिअर खाली घेऊनही खटखट येत असेल तर मात्र ९५ टाकून पाहावे. आणि काही परदेशी गाड्यांच्या झाकणावर ९५ च लिहिलेले असते, तिथे काटकसर करू नये.

मिस्तरीने आणखी एक सांगितले. टर्बोला जपायचे तर ऑईल वेळेवर बदला आणि लांबून आल्यावर अर्धा मिनिट इंजिन चालू ठेवून मग बंद करा. ते ऑईल पुतण्याने चार हजार किलोमीटर लांबवले होते! वरचे महागडे, आतले काळेकुट्ट.

परवा त्याच पंपावर आम्ही त्याच्या शेजारी बसलो होतो. तोच माणूस नळी घेऊन आला आणि म्हणाला, "भाऊ, पॉवर ना?"

"साधं," पुतण्या म्हणाला. "पुस्तकात ९१ लिहिलंय. दाखवू का?"