अडगळ

अडगळ कशाला म्हणावे, यावर कोणत्याही दोन माणसांचे एकमत झालेले मी पाहिले नाही. फोनाला मात्र ते अचूक कळते म्हणे! आईच्या फोनात कुणीसे सफाईचे अ‍ॅप घालून दिले होते. 'कचरा साठला आहे' असे ते दिवसातून चारदा बजावी. वास्तविक अँड्रॉइड आपली मेमरी आपणच सांभाळतो. सारखी अ‍ॅपे बंद करून पुन्हा उघडण्यात बॅटरी मात्र अधिक जाते. तरी असल्या झाडूवाल्यांचे पीक अमाप. जून २०२० मध्ये सरकारने ज्या ५९ अ‍ॅपांवर बंदी घातली, त्यांतही 'क्लीन मास्टर' होतेच.

यंदा वसुबारसेला आईचा फोन उघडेचना. ती गप्प बसून राहिली. वडिलांनी शेवटच्या महिन्यात पाठवलेले निरोप त्यात होते. 'दूध आणलंय', 'किल्ली शेजारी ठेवलीय', असले.

माझा एक जुना विद्यार्थी फोन दुरुस्त करतो. "सर, आधी अर्धा तास चार्जिंगला लावू. पार रिकामी बॅटरी लगेच बोलत नाही." तरीही पडदा काळाच. मग त्याने पॉवरचे आणि आवाज कमी करण्याचे बटण एकदम वीसेक सेकंद दाबून धरले, आणि फोन जागा झाला.

"आजी, फॅक्टरी रीसेट कुणी सांगितलं तरी करू नका. सगळं पुसलं जातं." ते अ‍ॅप काढण्यापूर्वी त्याने त्यातली यादी उघडली. 'जुन्या, अनावश्यक फाइली' या सदराखाली वडिलांचे सारे निरोप ओळीने मांडलेले होते.

त्यांची एक प्रत आता माझ्या पेनड्राइव्हवर आहे. आई मात्र ते आपल्याच फोनात ऐकते.