यंत्राच्या पोटातला ताईत

गोल्फच्या खऱ्या मैदानावर मी आजवर पाऊल टाकलेले नाही. त्या खेळाला लागणारी हिरवळ, पैसा आणि टोपी यांपैकी टोपीच काय ती माझ्यापाशी आहे. तरीही एका गोल्फच्या मैदानाची मला खडान्‌खडा माहिती आहे. झाडे कोठे, तळे कोठे, वाळूचे खड्डे कोठे, सारे काही मी झोपेतही सांगेन. कारण ते मैदान आमच्या दिवाणखान्यात, टेलिव्हिजनच्या काचेमागे आहे.

भाच्याने अमेरिकेहून येताना ते आणले. निन्टेंडो या जपानी कंपनीचा ‘वी स्पोर्ट्स’ नावाचा हा व्हिडिओ गेम २००६ साली निघाला. टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि मुष्टियुद्ध असे त्यात पाच खेळ. हातात रिमोटसारखी पांढरी कांडी धरायची आणि ती बॅट किंवा काठी समजून फिरवायची. कांडीच्या पोटात वेगातला फरक मोजणारी एक इवलीशी कळ असते, तिला तुमचा हात कळतो. पाय हलतात की नाही याची तिला पर्वा नसते. त्यामुळे आमची शहात्तर वर्षांची आत्या कोचावर बसल्या बसल्या, गुडघे न हलवता, अंगाला घाम येईपर्यंत नाचणाऱ्या तरुणांना मनगटाच्या एका झटक्यात हरवते. असो. सांगायचे ते निराळेच आहे.

गोल्फमध्ये चेंडू मारण्याच्या जागेपासून खळगीपर्यंतच्या पल्ल्याला ‘होल’ म्हणतात. ‘वी स्पोर्ट्स’मध्ये असे नऊ होल आहेत. मौज अशी की, ते नवे नाहीतच! निन्टेंडोच्याच १९८४ सालच्या ‘गोल्फ’ नावाच्या खेळातून ते घेतले आहेत. वाडा पाडून बंगला बांधावा आणि जुने जोते तसेच ठेवावे, त्यातला प्रकार. भाच्याने हे सांगितले तेव्हापासून मी त्या तळ्याकडे जरा आदराने पाहू लागलो.

त्या जुन्या खेळाचा कार्यक्रम लिहिला सतोरू इवाता या तरुणाने. तेव्हाच्या यंत्राची स्मरणशक्ती अशी तुटपुंजी की, तीत अठरा होल बसणेच शक्य नाही असे म्हणून इतरांनी ते काम नाकारले होते. इवातांनी ते आनंदाने पत्करले, माहिती दाबून दाबून बसवण्याची स्वतःची युक्ती काढली आणि अठराच्या अठरा होल आत घातले. प्रवासाला निघताना एकाच ट्रंकेत साऱ्या घराचे कपडे बसवणारी गृहिणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या कामाची थोरवी निराळी सांगायला नको. हात फिरवण्याचा प्रश्न त्या खेळात नव्हता. बटण तीनदा दाबायचे: एकदा काठी उचलायला, एकदा जोर ठरवायला, एकदा नेम धरायला.

पुढे २००२ साली हेच इवाता निन्टेंडोचे अध्यक्ष झाले. ‘वी’ यंत्र त्यांच्याच कारकिर्दीतले. कंपनीच्या नव्या वस्तूंची माहिती ते चित्रफितीतून प्रेक्षकांना स्वतः देत. त्या वेळी दोन्ही हात छातीपासून समोर नेऊन ‘थेट तुमच्यापर्यंत’ अशी खूण करण्याची त्यांची लकब होती. ११ जुलै २०१५ रोजी ते वारले. वय अवघे पंचावन्न.

आता खरी गोष्ट. मार्च २०१७ मध्ये निन्टेंडोचे ‘स्विच’ नावाचे नवे यंत्र बाजारात आले. काही महिन्यांनी, यंत्रांची पोटे फाडून पाहण्याचा नाद असलेल्या मंडळींना त्याच्या आतल्या सामानात एक अनोळखी गाठोडे सापडले. नाव होते ‘फ्लॉग’. इंग्रजी अक्षरे उलटी वाचा: गोल्फ! १९८४ सालचा तोच खेळ आत लपवून ठेवलेला होता. यंत्राच्या घड्याळात ११ जुलै ही तारीख हवी, आणि दोन हातांत दोन कांड्या धरून इवातांची ती ‘थेट तुमच्यापर्यंत’ची खूण करायला हवी. मग खेळ उघडे. घड्याळाचे काटे फिरवून भागत नसे. एकदा इंटरनेटला जोडलेले यंत्र खरी तारीख मनात धरून बसे.

इथवर कोणी म्हणेल, पोरखेळ आहे. मला जे थक्क करते ते याच्या पुढचे. लपवलेल्या प्रतीत मूळ खेळ तसाच होता, पण त्याला एक नवी विद्या शिकवलेली होती: हातातली कांडी फिरवून चेंडू मारण्याची! जो खेळ वर्षातून एकदा, तोही चुकून कोणाला खूण साधली तरच दिसणार, त्याला कोणीतरी बसून, तास घालून, हात फिरवायला शिकवले. जाहिरात करणारा माणूस एवढे कष्ट घेत नाही. माझ्या मते हे सहकाऱ्यांचेच काम. आमच्याकडे दिवंगत अध्यक्षांची तसबीर कचेरीत लावतात, तिला हार घालतात आणि हार वाळला की विसरतात. या लोकांनी गेलेल्या माणसाची तसबीर नाही ठेवली. त्याने तरुणपणी स्वतःच्या हाताने केलेले काम ठेवले, आणि तेही कोणाला न सांगता.

जपानात देवळातून ‘ओमामोरी’ मिळतो. कापडाची छोटी पिशवी, आत मंत्रलेख. आपला ताईतच म्हणा ना. तो उघडून पाहायचा नसतो; पाहिला तर गुण जातो. हा खेळ म्हणजे प्रत्येक यंत्रात घातलेला इवातांचा ताईत असावा, असे काही जपानी रसिकांनी सुचवले. सप्टेंबर २०१७ मध्ये सारी गोष्ट जगजाहीर झाली, आणि वर्ष सरण्याच्या आत यंत्राच्या नव्या आवृत्तीतून तो खेळ काढून टाकलेला आढळला.

यावर आमच्या घरी दोन तट पडले. भाच्याचे म्हणणे, उघडणाऱ्यांनीच घात केला. मला ते पटत नाही. आमच्या आजोबांच्या कपाटाचा खण एकदा पूर्ण बाहेर काढला, तेव्हा मागच्या फळीवर सुताराने पेन्सिलीने घातलेले नाव आणि तिथी सापडली. त्या सुताराने ते नाव दर्शनी भागावर घातले नाही हे खरे. पण कोणी कधीच वाचू नये अशी इच्छा असती, तर पेन्सिल उचललीच कशाला असती? खण ओढणारा कोणीतरी निघायचाच. मला राग येतो तो फळीला रंध मारणाऱ्याचा.

गोल्फ मात्र हटलेला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘निन्टेंडो स्विच स्पोर्ट्स’ या खेळात ‘वी’च्या घराण्यातले एकवीस होल पुन्हा आले, या वेळी राजरोस. आणि ज्या घरांतल्या ‘स्विच’ यंत्रांवर नवी आवृत्ती कधी चढलीच नाही, तिथे तो उलट्या नावाचा खेळ अजूनही आत आहे. ११ जुलै दरवर्षी येते.