विजया

गांजा हा शब्द आमच्या घरांत मोठ्यानें उच्चारला जात नसे. गांवाबाहेरच्या महादेवाच्या देवळांत बैरागी उतरले म्हणजे त्यांच्या चिलमींचा वास वाऱ्याबरोबर आमच्या ओटीपर्यंत येई, आणि आजी मुलांना आंत बोलावून दार लोटून घेई. तीच आजी पोट बिघडलें म्हणजे वैद्यबोवांचें जातिफलादि चूर्ण मधांत कालवून मोठ्या श्रद्धेनें चाटीत असे. त्या चूर्णांत जायफळाबरोबर भांगहि असते, आणि भांग म्हणजे गांजाच्याच झाडाचीं पानें, हें मला पन्नाशी उलटल्यावर कळलें. वैद्यबोवा तिला 'विजया' म्हणत. संस्कृत नांव घेऊन पुष्कळ गोष्टी सभ्य घरांत सुखानें येतात. इंग्रजी नांव घेऊन त्याहूनहि अधिक.

हें आठवण्याचें कारण असें कीं, दोन वर्षांपूर्वीं आमच्या कॉलेजांतील वादविवादस्पर्धेचें परीक्षकपण मजकडे आलें आणि विषय होता, 'औषधोपचारासाठीं गांजा कायद्यानें मोकळा करावा.' मी इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक. गांजाशीं माझा संबंध तो काय! परंतु परीक्षकानें विषयाची तयारी केलीच पाहिजे असा माझा जुना आग्रह आहे. विद्यार्थी त्याला माझा जुना आजार म्हणतात.

त्याच सुमारास माझी थोरली बहीण अक्का उपचारासाठीं आमच्याकडे येऊन राहिली होती. तिला कर्करोग झाला होता. केमोथेरपीची एक पाळी झाली कीं पुढें पांचसहा दिवस पेजेचा घोटहि तिच्या पोटांत ठरत नसे. ओकारी थांबविण्याच्या गोळ्या होत्या. त्या पहिल्या दोन दिवसांपुरत्या उपयोगी पडत. "उलटीचं कांहीं नाहीं रे," ती म्हणे, "ती येते नि जाते. ह्या मळमळीचा मात्र मुक्कामच असतो."

एके दिवशीं माझा भाचा एका वैद्यांची चिठ्ठी आणि भांगेच्या पानांच्या अर्काची तेलाची लहानशी बाटली घेऊन आला. "मामा, चोरून आणलेलं नाहीं, चिठ्ठी आहे. तुम्ही हो म्हणा, म्हणजे आईला देतों." मीं अक्काच्या डॉक्टरांना विचारलें. तरुण आणि सरळ गृहस्थ. ते म्हणाले, ह्याच झाडांतील द्रव्याची गोळी अमेरिकेंत नेमक्या ह्याच मळमळीसाठीं १९८५ पासून मान्य आहे. पण ह्या बाटलींत तें द्रव्य किती, हें मी सांगूं शकत नाहीं. तुम्ही ठरवा. 'तुम्ही ठरवा' म्हटलें कीं प्राध्यापक वाचावयास बसतो. मीं बाटली टेबलाच्या खणांत ठेवली आणि अक्काला म्हटलें, "जरा नीट वाचून घेतों." ती म्हणाली, "बरं. वाचून झालं कीं सांग हो."

वाचावयास फारच गोड विषय निघाला. विल्यम ओशॉनेसी नांवाचा एक आयरिश डॉक्टर कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांत रसायनशास्त्र शिकवीत होता. (पुढें हिंदुस्थानांत तारायंत्र आणणारा तो हाच.) १८३९ सालीं, वयाच्या तिसाव्या वर्षीं, त्यानें गांजावर एक निबंध लिहिला. वैद्य-हकीमांना विचारून, आधीं जनावरांवर प्रयोग करून, मग त्यानें गांजाचा अर्क रोग्यांना दिला. चाळीस दिवसांच्या एका मुलीला आंचके येत होते. ती बरी झाली. पिसाळलेलें कुत्रें चावलेल्या एका हकिमाला त्यानें तो दिला. पाण्याच्या नुसत्या दर्शनानें ज्याचा घसा आवळे, तो मनुष्य शांत झाला, कांहीं खाऊं लागला, आणि थोड्या दिवसांनीं मरण पावला. ओशॉनेसीनें हें यश म्हणून मांडलें नाहीं, पण तें लपविलेंहि नाहीं. रोग गेला नाहीं, रोगाची भीषणता गेली, एवढेंच तो सांगतो. त्या पानावर मी बराच वेळ थांबलों.

गंमत अशी, कीं लहान मुलांच्या आंचक्यांचा हाच प्रश्न जवळजवळ एकशेंऐशीं वर्षांनीं लंडनच्या विमानतळावर उभा राहिला. २०१८ च्या जून महिन्यांत एका आईनें आपल्या अपस्माराच्या मुलासाठीं कॅनडाहून आणलेलें गांजाचें तेल अधिकाऱ्यांनीं जप्त केलें. मुलाला झटके सुरू झाले, वर्तमानपत्रांत ओरड झाली, आणि १ नोव्हेंबरपासून ब्रिटनमध्यें तज्ज्ञ डॉक्टरांना अशीं औषधें लिहून देण्याची मुभा मिळाली. त्याच जूनमध्यें अमेरिकेनें ह्या झाडांतील नशा न आणणाऱ्या द्रव्याचें एक औषध मुलांच्या दोन दुर्धर अपस्मारांसाठीं मान्य केलें.

आणि आम्ही? १८९३ सालीं पार्लमेंटांत प्रश्न निघाल्यामुळें सरकारनें गांजाची चौकशी करण्यासाठीं सात जणांचें कमिशन नेमलें. त्यानें ११९३ साक्षीदार तपासले: अधिकारी, डॉक्टर, वैद्य, मिशनरी, शेतकरी. वेड्यांच्या इस्पितळांतील कागद त्यानें एकेक करून पाहिले, तेव्हां दिसलें कीं वेडाचें कारण म्हणून 'गांजा' हा शब्द पुष्कळ ठिकाणीं कसलीहि चौकशी न करतां भरलेला होता. दुसरें कारण माहीत नाहीं, तर हें लिहा! गांजा अजिबात बंद करूं नये, कर आणि परवाना ह्यांनीं त्याला आवर घालावा, असें कमिशनचें मत पडलें. आमचा १९८५ चा कायदा याहून कडक आहे. शेंडे आणि राळ त्यांत आलीं. सुटीं पानें मात्र त्याच्या व्याख्येंतून वगळलीं आहेत, म्हणूनच भांग आणि माझ्या खणांतली बाटली उजळ माथ्यानें वावरूं शकतात. २ डिसेंबर २०२० रोजीं व्हिएन्ना येथें गांजाला अत्यंत घातक द्रव्यांच्या यादींतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनीं पास झाला. त्या सत्तावीसांत आपलें मत होतें.

मला ह्यांत एक गोष्ट बोंचली. त्या १९८५ च्या कायद्यांत औषधासाठीं वाट पहिल्यापासूनच आहे, मॉर्फिनलाहि होती. पण परवान्यांचा आणि शिक्षेचा धाक असा, कीं पुष्कळ इस्पितळांनीं मॉर्फिन ठेवणेंच सोडलें, आणि अफू पिकविणाऱ्या ह्या देशांत कर्करोगाचे रोगी वेदनेनें तळमळत राहिले. तें दुरुस्त करण्यास २०१४ उजाडलें. कागदावरची मुभा रोग्याच्या उशापर्यंत पोंचतेच असें नाहीं.

स्पर्धा चांगली झाली. अनुकूल पक्षानें १९९६ सालच्या कॅलिफोर्नियाच्या लोकमताचा डंका वाजविला. प्रतिकूल पक्षानें तरुण पिढीचें चित्र रंगविलें. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी मात्र म्हणाली कीं, औषध हें मतपेटींतून येऊं नये, प्रयोगांतून यावें. मळमळीवर पुरावा बरा आहे, मुलांच्या अपस्मारावर उत्तम आहे, कर्करोगाच्या वेदनेवर दुबळा आहे, मग सगळ्यांना एकच उत्तर कसें द्यावयाचें? मीं तिला पहिलें बक्षीस दिलें. आजहि देईन. दहा मिनिटें मींहि बोललों, ओशॉनेसी सांगितला, कमिशन सांगितलें, टाळ्या पडल्या.

घरीं आलों तों अक्काची तिसरी पाळी होऊन चौथा दिवस होता. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. बादली जवळ होती. तिनें स्पर्धेविषयीं विचारलें. मीं हौसेनें सगळें सांगितलें, हकिमाचीहि गोष्ट सांगितली. ती ऐकत होती. "खायला लागला का तो?" तिनें विचारलें. मीं म्हटलें, "हो, थोडे दिवस." "बरं झालं," ती म्हणाली. बाटलीची गोष्ट तिनें काढली नाहीं. मला अजून ब्रिटनमधले प्रयोग वाचावयाचे होते.

त्यानंतर अठरा दिवसांनीं ती गेली. पांढऱ्या पेशी फार उतरल्या आणि जंतुसंसर्ग झाला. त्या तेलानें ती वांचली नसती हें मी जाणतों; कदाचित् मळमळहि थांबली नसती. थांबली असती तर पांचसात सकाळीं पेज पोटांत राहिली असती, इतकाच हिशेब. अकराशें त्र्याण्णव साक्षी मीं वाचल्या नाहींत, पण त्यांविषयीं पुष्कळ वाचलें. खालच्या खोलींतल्या साक्षीदाराला मात्र, 'अक्का, तुला घेऊन पाहावयाचें आहे का?' असें मीं एकदांहि विचारलें नाहीं.

भाच्यानें मला कधीं बोल लावला नाहीं. वर्षश्राद्धाला आला तेव्हां सहज बोलल्यासारखें त्यानें विचारलें, "मामा, ती बाटली टाकली का हो?" मीं 'हो' म्हटलें. ती खणांतच आहे. तिच्यावर छापलेली मुदत गेल्या चैत्रांत संपली.