यंत्रांचा शेजारधर्म

आपल्याकडे पदवी एकदा पदरात पडली की ती माणसाला जन्मभर पुरते. मी एम. ए. झालो त्याला वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. पण ‘तुम्हाला अजून मराठी येते का हो?’ असे मला आजवर कोणी विचारलेले नाही. विचारीत नाहीत तेच बरे! म्हणूनच माझा भाचा तिशी उलटल्यावर पुन्हा परीक्षेला बसतो आहे हे कळले, तेव्हा मला मोठी मौज वाटली.

हा भाचा आमच्या सोलापूरच्या वालचंद इन्स्टिट्यूटमधून इंजिनीअर झाला आणि गेली दहा वर्षे पुण्याच्या एका प्रयोगशाळेत यंत्रे तपासतो. त्याच्या विषयाचे नाव ‘विद्युत-चुंबकीय सुसंगतता’. मराठीचा प्राध्यापक असूनही ते उच्चारताना माझी जीभ ठेचकाळली.

“म्हणजे शेजारधर्म हो, मामा!” तो म्हणाला. “मिक्सर फिरू लागला की रेडिओ खरखरतो ना? मिक्सरच्या मोटारीत ठिणग्या उडतात आणि त्यांच्या लहरी रेडिओत शिरतात.”

वाड्यात वाढलेल्या माणसाला यापुढे काय सांगायचे? आपल्या पाट्या-वरवंट्याने शेजाऱ्याची झोप मोडू नये, आणि मोडलीच तर शेजाऱ्याने आकाशपाताळ एक करू नये. यंत्रांनाही हेच दोन नियम! हे भांडण रेडिओइतकेच जुने आहे. ते मिटवण्यासाठी १९३४ साली पॅरिसमध्ये ‘सिस्पर’ ही आंतरराष्ट्रीय समिती जन्माला आली. आता धातूच्या भिंतींच्या, आतून लहरी शोषणारे शंकू लावलेल्या खोलीत यंत्र ठेवतात. आधी ते किती गोंगाट करते ते ऐकतात. मग त्याच्यावरच लहरींचा मारा करून ते डगमगते का ते पाहतात.

भाच्याला जे प्रमाणपत्र हवे आहे ते अमेरिकेत १९८२ साली निघालेल्या ‘आयनार्टे’ या संस्थेचे. त्याला काही वर्षांचा अनुभव लागतो आणि वर परीक्षा. परीक्षेत पुस्तके उघडी ठेवता येतात, हे ऐकून माझ्या विद्यार्थ्यांच्या तोंडाला पाणी सुटेल. पण उत्तर पुस्तकात नसते, पुस्तक कुठे उघडायचे यात असते! शिवाय या प्रमाणपत्राला मुदत आहे. ते पुन:पुन्हा नवे करून घ्यावे लागते.

“दहा वर्षे काम करतोयस, पगार मिळतोय. मग आता हा उपद्व्याप कशाला?” अक्काने, म्हणजे त्याच्या आईने, विचारले.

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आई, मागे एक यंत्र तपासणीत नापास झाले. मालक म्हणाला, एवढ्याशाने काय होते, करा सही. मी केली नाही. पण माझे ‘नाही’ एकट्याचे होते. ‘हो’ म्हणायला अनुभव पुरतो गं, ‘नाही’ म्हणायला पाठीशी काहीतरी लागते.”

अक्काचा हात नकळत छातीकडे गेला. दोन वर्षांपूर्वी तिथे पेसमेकर बसवला आहे. मोबाईल त्यापासून निदान वीतभर दूर धरा, असे डॉक्टरांनी तिला बजावले आहे आणि ती तो उजव्याच कानाला लावते. तिच्या हृदयाचा ठोका चुकू नये म्हणून कुठल्या तरी गावी, कुठल्या तरी बंद खोलीत, एका अनोळखी माणसाने ते यंत्र तपासले असेल. तिथेही कोणी तरी घाईत असेलच. त्या माणसाने सही करताना कुणाची भीड धरली नाही, एवढ्या विश्वासावर माझी बहीण रोज सकाळी तुळशीला पाणी घालते.

मला एकदम माझ्या भिंतीवरची पदवी फारच सुखवस्तू वाटू लागली.

भाचा दिवाळी आटोपून पुण्याला निघाला. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. अक्काने नेहमीप्रमाणे कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली. तो पाया पडला तेव्हा ‘पास हो’ असा आशीर्वाद ती देईल असे मला वाटले होते.

ती एवढेच म्हणाली, “नीट तपासत जा रे बाळा.”