शिबिरासाठी कुऱ्हाड निवडताना

आमच्या शाळेच्या हिवाळी शिबिरात तंबूच्या खुंट्या तासायला आणि चुलीपुरते जळण फोडायला लहान कुऱ्हाड लागते. ती निवडण्याचे काम इतिहासाच्या शिक्षकाकडे कसे, असे माजी विद्यार्थी थट्टेने विचारतात. ही सवय आम्हास लावली ती नागपूरजवळील माहुरझरीच्या महापाषाणीय दफनांत निघालेल्या लोखंडी कुऱ्हाडींनी. त्या काळच्या विदर्भातील कुऱ्हाडींवर पाते दांड्याला आवळणाऱ्या आडव्या लोखंडी पट्ट्या आढळतात. त्याच संस्कृतीच्या नायकुंड येथे १९७८-८०च्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टीही सापडली. घाव घालताना पाते निसटू नये, ही चिंता अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या लोहारांनाही असावी. म्हणून आम्ही आधी जोड पाहतो, धार नंतर.

बाजारातील रंगवलेली, रबरी मुठीची कुऱ्हाड डोळ्यांत भरते. पण रंगाखालचे लाकूड दिसत नाही, म्हणून ती आम्ही परत ठेवतो. दांडा धावड्याचा उत्तम. त्याचे धागे या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेले असावेत, मध्ये गाठ नसावी. वरचे टोक जाड असून पाते खालून सरकवत नेलेले असेल, तर ते घावागणिक घट्ट होते. पाचर ठोकलेल्या दांड्याची मात्र रोज तपासणी हवी, कारण अकोल्याच्या उन्हाळ्यात लाकूड आटते. अशी कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवण्याचा उपाय फसवा आहे. लाकूड सुकले की पाते पूर्वीहून सैल होते. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण आपल्या जागी. आम्हास तो विद्यार्थ्यास काळ ठरू द्यायचा नाही.

पाते ट्रकच्या कमानपाट्यापासून लोहाराने घडवलेले चालते. वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास असावे. धारेवरून कानस नुसती घसरली तर पोलाद फार कडक, खोल चावली तर मऊ.

गेल्या शिबिरापूर्वी एका मातेने आम्हास अडवले. “सर, मोळ्या वाहूनच माही जिंदगी गेली. पोराच्या हातची कुऱ्हाड सुटावी म्हणून त्याले इथं ठेवलं, अन् तुमी तेच हत्यार त्याच्या हाती देता काय?” हा आक्षेप आम्ही खोडला नाही. ज्या घरात कुऱ्हाड म्हणजे पोटाची सक्ती होती, त्या घरापुढे तिला सहलीची हौस म्हणणे शोभत नाही. तेव्हापासून जळण फोडण्याची पाळी शिक्षकांसह सर्वांना येते. दांडे पारखायला आम्ही त्या ताईंनाच बोलावले. त्यांनी तीनपैकी दोन बाजूला काढले.

चिखलदरा-गाविलगड किंवा नरनाळ्याच्या सहलीत कुऱ्हाड शाळेतच राहते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार लेखी परवानगीवाचून अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही, आणि प्राण्यास इजा करू शकणारे साधन त्या व्याख्येत येते. शिबिर शेतावर असले, तरच ती कुलपातून निघते.

आखूड दांडा मुलांना सोपा वाटतो. पण चुकलेला घाव जमिनीत न जाता गुडघ्याकडे येतो. म्हणून लाकूड ओंडक्यावर ठेवून, गुडघे टेकूनच घाव घालायचा, आणि समोर कोणी उभे राहायचे नाही. शिबिर संपले की दांड्याला जवसाचे तेल लावण्याचे काम नववीच्या वर्गाकडे असते.