चढाला दगड लावायचा

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. शेवटी खर्च एकाच खिशातून जातो.

आण्णांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि क्लच दाबणं बंद झालं. माणूस घरात बसणारा नाही. म्हणून हजार सीसीची जुनी, छोटी ऑटोमॅटिक घेतली. पहाटे मीठा बहाराचं अंजीर घेऊन मार्केट यार्ड, येताना दिवे घाट चढून सासवड.

मागच्या महिन्यात येताना खताच्या चार गोण्या घातल्या. म्हणजे दोनशे किलो, वर आम्ही दोघं, एसी चालू. घाटात ट्रकांची रांग लागलेली. निम्म्यात करपल्याचा वास सुटला. इंजिन नुसतं गुरगुरतंय, गाडी जागची हलेना. मी चिडून बोलून गेलो, "आण्णा, इथून पुढं गाडी मीच चालवणार." ते खिडकीबाहेर बघत राहिले.

क्लच प्लेट गेली होती. मेकॅनिकनं समजावलं: ही एएमटी. गिअरबॉक्स साधाच, फक्त क्लच दाबायला नि गिअर टाकायला यंत्र बसवलंय. चढावर ब्रेक सोडून ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली, की क्लच अर्धवट लागलेला राहतो, घासतो, तापतो, जळतो. रांगेत इंच इंच सरकलं तरी तेच.

ऐकून आण्णा म्हणाले, "चढावर बैलगाडी थांबली की आपण चाकाला दगड लावायचो. बैलाच्या मानेवर कुठं तोलून धरायचो? मला आधी सांगायचं की रे हे."

चूक माझी होती. चावी हातात दिली, पण गाडी कशी चालते ते सांगितलं नाही.

आता आम्ही असं करतो:

– चढावर थांबलो की पायाचा ब्रेक आणि हँडब्रेक. निघताना हलकं ॲक्सिलरेटर द्यायचं, गाडीनं ओढ घेतली की हँडब्रेक सोडायचा.
– पुढचा ट्रक दोन गाड्यांइतका पुढं जाऊ द्यायचा, मगच एकदम निघायचं.
– जास्त वेळ थांबायचं असेल तर न्यूट्रल.
– घाटात मॅन्युअल मोडवर पहिला-दुसरा गिअर धरायचा, म्हणजे गाडी सारखी गिअर बदलत नाही. एसी बंद.
– उतरतानाही खालचाच गिअर. न्यूट्रलवर घाट कधीच उतरायचा नाही.
– वास आला की कडेला घेऊन गाडी गार होऊ द्यायची.
– खताच्या गोण्या टेम्पोनं. दोन पैसे जास्त जातात, पण क्लच प्लेटपेक्षा स्वस्त पडतं.

काल घाटात पुन्हा तशीच रांग होती. गाडी आण्णाच चालवत होते, मी शेजारी. रांग थांबली तसा त्यांनी हँडब्रेक ओढला आणि म्हणाले, "लावला बघ दगड."

वास आला नाही. मीही काही बोललो नाही.